शेवटच्या आधीची गाडी : जर्मनीत शिकताना शनिवार-रविवारच्या सहली कशा आखाव्यात

जर्मनीत शिकायला आलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींच्या मनात पहिल्याच महिन्यात युरोपचा नकाशा उलगडू लागतो. पॅरिस, प्राग, ॲमस्टरडॅम, रोम अशी यादी घरून निघतानाच तयार असते आणि अभ्यासक्रमाची दोन वर्षे म्हणजे शंभर शनिवार-रविवार असा हिशेबही मनाशी झालेला असतो. मी आखेनला दोन वर्षे शिकत होते, तेव्हा अशी यादी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेली होती. त्यातली निम्मी शहरे पाहून झाली. पण ज्या सहली आजही दिवसाच्या क्रमासकट आठवतात, त्यांतल्या बहुतेक त्या यादीत नव्हत्याच. त्या जवळच्या होत्या, रेल्वेच्या होत्या आणि नीट आखलेल्या होत्या. नव्याने येणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे असे की, सहल आखताना आधी रविवारी संध्याकाळी परत कसे यायचे ते ठरवावे, मग उलटे मोजत शुक्रवारपर्यंत यावे, आणि किती लांब जातो यापेक्षा तिथे पोहोचल्यावर हातात किती तास उरतात हे पाहावे.

हे तास एकदा कागदावर मांडून पाहा. शुक्रवारी संध्याकाळी सहाला खोलीला कुलूप लावले आणि रविवारी रात्री आठला उघडले, तर मध्ये पन्नास तास असतात. त्यातले सोळा तास झोपेचे धरले तर चौतीस उरतात. आता स्वस्त विमानाचे तिकीट घेऊन सव्वा तासाचे उड्डाण करायचे ठरवले, तर खोलीपासून विमानतळापर्यंत दीड तास, तिथे दोन तास आधी पोहोचणे, उड्डाणाचा सव्वा तास, बाहेर पडायला अर्धा तास आणि शहरात जाणाऱ्या बसचा आणखी सव्वा तास धरून जाण्याचेच साडेसहा तास होतात, येताना तेवढेच. म्हणजे चौतीसमधले तेरा तास गेले. शिवाय स्वस्त विमाने ज्या विमानतळांवर उतरतात, ते नावापुरतेच त्या शहराचे असतात. फ्रँकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफुर्ट शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे, पॅरिसचा म्हणून विकला जाणारा बोव्हे ८० किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि ब्रुसेल्सचा शार्लरुआ जवळजवळ ५० किलोमीटरवर आहे. त्या बसचे भाडे कधी कधी विमानाच्या भाड्याइतके होते, आणि पाठीवरची पिशवी ठरावीक मापापेक्षा दोन बोटे मोठी निघाली तर त्याहून जास्त. आखेनहून पॅरिसला थेट वेगवान गाडी आहे. ती साधारण पावणेतीन तासांत पॅरिसच्या आत, गार द्यू नोर स्थानकावर उतरवते. तिचे तिकीट दोन-अडीच महिने आधी काढले तर विमानाच्या एकूण खर्चाच्या आसपासच पडते. विमान मुळीच वापरू नये असे माझे म्हणणे नाही. लिस्बन किंवा अथेन्स पाहायचे तर दुसरा मार्ग नाही. पण ती शहरे सलग चार-पाच दिवस सुट्टी मिळेल तेव्हासाठी राखून ठेवावीत.

खिशातले तिकीट

जर्मनीतल्या विद्यार्थ्याच्या हातात सहलीसाठीचे सर्वांत मोठे साधन आधीच असते, आणि पुष्कळांना त्याचा पूर्ण उपयोग माहीत नसतो. १ मे २०२३ रोजी महिना ४९ युरोला सुरू झालेले डॉइचलांड-तिकीट २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरोचे झाले. ज्या विद्यापीठांनी त्याचा सेमिस्टरचा प्रकार घेतला आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना ते मूळ किमतीच्या साठ टक्क्यांत, सेमिस्टरच्या शुल्कातच मिळते. या तिकिटावर देशभरातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, म्हणजे आरई, आरबी आणि एस-बान, तसेच शहरांतल्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे चालतात. आयसीई, आयसी अशा लांब पल्ल्याच्या गाड्यांना ते चालत नाही. नवखी मुले फलाटावर घाईघाईत समोरच्या पांढऱ्या गाडीत चढतात आणि साठ युरोचा दंड भरतात, म्हणून गाडीच्या क्रमांकाआधीची अक्षरे वाचल्याशिवाय पाय उचलू नये. रेल्वेच्या ॲपमध्ये फक्त या तिकिटावर चालणारे मार्ग दाखवण्याची सोय आहे. ती एकदा चालू करून ठेवली की हा गोंधळ बराचसा टळतो. तिकीट तुमच्या एकट्याच्या नावाचे असते, ते मित्राला देता येत नाही, आणि तपासनिसाला सोबत छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते.

या तिकिटाच्या जिवावर आखेनसारख्या पश्चिम टोकाच्या गावातून काय साधता येते, याची कल्पना यावी म्हणून माझ्या मते सर्वांत फायदेशीर असलेली एक सहल सविस्तर सांगते. शुक्रवारी चारला तास संपले की आरई गाडीने तासाभरात कोलोन गाठायचे आणि तिथून र्‍हाइनच्या काठाने जाणाऱ्या प्रादेशिक गाडीने साधारण सव्वा तासात कोब्लेंझला उतरायचे. इथे मोझेल नदी र्‍हाइनला मिळते. कराडचा प्रीतिसंगम पाहिलेल्या माणसाला या दोन नद्यांच्या टोकावर उभे राहिल्यावर काय वाटते ते सांगायला नको. पाण्याचे दोन रंग बराच लांबपर्यंत वेगळे दिसतात. समोर पलीकडच्या काठावर, नदीपासून ११८ मीटर उंचीवर, एरेनब्राइटश्टाइनचा प्रचंड किल्ला आहे आणि तिथले युवा वसतिगृह या किल्ल्यातच आहे. लहानपणापासून गड चढणाऱ्या आपल्या माणसांना गडावर मुक्काम करण्यासाठी याहून चांगली जागा जर्मनीत शोधून सापडणार नाही. वसतिगृहात राहायला युवा वसतिगृहांच्या संघटनेचे वार्षिक सभासदत्व लागते. ते एकदा घेतले की देशभर चालते.

शनिवारी सकाळी कोब्लेंझहून दक्षिणेला, माइन्झच्या दिशेने निघणारी आरबी २६ पकडावी आणि डाव्या बाजूच्या खिडकीशी बसावे, कारण नदी त्या बाजूला आहे. कोब्लेंझ ते बिंगेन हा सुमारे ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून जागतिक वारसा आहे. गाडी दर पाच-सात मिनिटांनी एखाद्या छोट्या गावी थांबते, उतारांवर द्राक्षांच्या सरळ रांगा दिसतात, आणि प्रत्येक वळणावर एक किल्ला मागे जातो तोच दुसरा पुढे येतो. काउबजवळ तर एक किल्ला नदीच्या मधोमध, दगडी नावेसारखा उभा आहे. बाखाराखला उतरावे, गावामागच्या द्राक्षमळ्यांतून चढणाऱ्या पायवाटेने तासभर चालावे, शिदोरी तिथेच सोडावी. पलीकडच्या काठावर जावेसे वाटले तर होडीचा वेळ आधी पाहून ठेवावा, कारण कोब्लेंझ ते माइन्झ या पट्ट्यात र्‍हाइनवर एकही पूल नाही. रविवारी किल्ला आणि गाव निवांत पाहून दुपारी साडेतीनच्या सुमाराला निघाले तर संध्याकाळी सहा-सातपर्यंत माणूस आपल्या खोलीत असतो. या सगळ्या सहलीत प्रवासाचा वेगळा खर्च शून्य, दोन रात्रींचा मुक्काम आणि खाणे मिळून साधारण ऐंशी-नव्वद युरो.

जर्मनीत काही सण हमखास गुरुवारी येतात. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा दिवस देशभर सुट्टीचा असतो, आणि आखेन-कोलोनच्या राज्यात फ्रोनलाइखनामचा गुरुवारही सुट्टीचा. अशा वेळी शुक्रवार जोडून चार दिवस मिळतात. त्या शुक्रवारला इथे पुलाचा दिवस म्हणतात. तेव्हा वरची सहल पुढे वाढवता येते. कोब्लेंझहून मोझेलच्या काठाने दीड तासात ट्रियर येते. तिथला पोर्टा निग्रा हा रोमन दरवाजा दुसऱ्या शतकातला आहे, आणि काळवंडलेल्या त्या दगडांवर हात ठेवून कोणीही उभे राहू शकते. ट्रियरहून आणखी पन्नास मिनिटांवर लक्झेंबर्ग. या देशाने २०२० च्या मार्चपासून सगळी सार्वजनिक वाहतूक मोफत केली आहे, आणि जर्मन तिकीट सीमेपर्यंत चालते. म्हणजे दुसऱ्या देशाची राजधानी पाहून येण्यासाठी दुसऱ्या वर्गाचे एकही वेगळे तिकीट काढावे लागत नाही.

पहिल्या सेमिस्टरमध्ये मात्र एवढेही करू नये. तेव्हा सकाळी निघून रात्री परत अशा सहली पुरेत. आखेनहून नेदरलँड्समधले मास्त्रिख्त तासाभरावर आहे. ज्या करारातून युरोपीय संघ उभा राहिला त्यावर ७ फेब्रुवारी १९९२ रोजी तिथेच सह्या झाल्या. शहराच्या मध्यात, डॉमिनिकन पंथाच्या जुन्या चर्चमध्ये थाटलेले पुस्तकांचे दुकान आहे, तिथे कमानींखाली उंच लोखंडी मजल्यांवर उभे राहून पुस्तके चाळण्यात एक दुपार सहज जाते. बेल्जियममधल्या लीएजचे, वास्तुरचनाकार कालात्रावा यांनी रचलेले पोलादी आणि काचेचे रेल्वे स्थानक, कोलोनचे कॅथेड्रल, बॉन, हे सगळे एका दिवसाचे. या छोट्या सहलींतून गाडी बदलणे, उशिराची सूचना समजणे, परक्या भाषेतला फलक वाचणे या गोष्टी अंगवळणी पडतात.

शेवटची गाडी आपली समजू नये

ही गोष्ट मी माझ्या चुकीतून शिकले. पहिल्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये आम्ही तिघीजणी रविवारी परत येत होतो आणि ‘अजून एक तास थांबू’ म्हणत रात्रीच्या शेवटच्या जोडगाडीवर भिस्त ठेवून बसलो होतो. आमची पहिली गाडी वीस मिनिटे उशिरा पोहोचली, आणि मधल्या छोट्या स्थानकावर उतरलो तेव्हा पुढच्या गाडीचे लाल दिवे फलाटाच्या टोकाला दिसत होते. स्थानकाची इमारत कुलूपबंद, बेकरी बंद, उजेड फक्त चॉकलेटच्या यंत्राचा. कोल्हापूरहून आलेल्या भडंगाची एक पुडी होती, ती हातमोजे न काढता तिघींत वाटून खाल्ली आणि पहाटे पावणेपाचची गाडी येईपर्यंत जिन्याखालच्या बाकावर एकमेकींना टेकून बसलो. साडेआठला प्रयोगशाळेत गेले तेव्हा बोटे नीट वळत नव्हती. तेव्हापासूनचा माझा नियम असा : रविवारी परतीची शेवटची गाडी कोणती ते शोधायचे, तिच्या आधीची कोणती ते शोधायचे, आणि त्या आधीच्या गाडीने जायचे आहे असे धरून दिवस आखायचा. शेवटची गाडी ही अडचणीसाठी राखीव.

इथल्या गाड्या घड्याळासारख्या धावतात ही आपल्याकडची समजूत आता सोडून द्यावी. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तर यात उशीर धरतच नाहीत. म्हणून गाडी बदलायला ॲप पाच-सात मिनिटे दाखवत असेल तर तो मार्ग घेऊ नये. वीस मिनिटे हवीत, आणि दिवसाची शेवटची जोडगाडी असेल तर तासभर. निघायच्या आदल्या रात्री तोच मार्ग ॲपवर पुन्हा पाहावा, कारण रुळांची कामे बहुधा शनिवार-रविवारीच काढतात. फलकावर ‘एसईव्ही’ ही अक्षरे दिसली तर समजावे की त्या टप्प्यात गाडीऐवजी बस आहे, आणि प्रवासाला दीडपट-दुप्पट वेळ धरावा. वेगळे तिकीट काढून केलेल्या रेल्वेप्रवासात मुक्कामाला तासभर किंवा अधिक उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के आणि दोन तास किंवा अधिक झाला तर ५० टक्के परत मागण्याचा हक्क युरोपीय कायद्याने दिला आहे. विमान आपल्या वाहतूक कंपनीच्या चुकीने तीन तासांहून अधिक उशिरा पोहोचले, तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या अंतराला २५० युरो मिळतात. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, म्हणून तिकीट आणि उशिराच्या फलकाचे छायाचित्र जपून ठेवावे.

कागद, विमा, पैसा

निवास परवाना जर्मनीचा असला तरी त्यावर शेंगेन क्षेत्रातल्या, म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या केलेल्या, इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते. त्यासाठी मूळ पारपत्र आणि परवान्याचे कार्ड ही दोन्ही जवळ हवीत. मोबाइलमधले छायाचित्र चालत नाही. पुष्कळजण पारपत्र हरवेल या भीतीने खोलीत ठेवून जातात आणि परतीच्या गाडीत पोलीस चढले की अडचणीत येतात. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली, तेव्हा मास्त्रिख्तहून तासाभरात परत येतानाही कागद जवळ असू द्यावेत. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. तिथे भारतीयांना वेगळा व्हिसा लागतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे. परवान्याची मुदत संपून नूतनीकरण अडकले असेल आणि हातात तात्पुरते प्रमाणपत्र असेल, तर त्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकावर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून लेखी उत्तर येईपर्यंत अशा वेळी सहली जर्मनीच्या आतच कराव्यात. स्वस्त विमानाने जाणार असाल तर युरोपबाहेरच्या नागरिकांना विमानतळावर वेगळ्या खिडकीवर कागद दाखवावे लागतात का, तेही तिकिटाच्या अटींत पाहून घ्यावे.

विम्याबद्दल एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो. जर्मन सार्वजनिक विम्याच्या कार्डामागे युरोपीय आरोग्य कार्ड असते आणि युरोपीय संघातल्या देशांत अचानक दुखणे आले तर ते चालते; पण बिगर-युरोपीय नागरिकांना ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये वापरता येत नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरांत चालायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी थोडे पैसे भरून प्रवासाचा वेगळा विमा घेतल्याशिवाय निघू नये. मोबाइलचेही तसेच : युरोपीय संघात २०१७ पासून आपला डेटा घरच्याच दराने वापरता येतो, स्वित्झर्लंडमध्ये तो समाविष्ट आहे की नाही हे सिमकार्डागणिक वेगळे असते.

पैशाचा हिशेब साधा आहे. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या बंदिस्त खात्यातून महिन्याला ९९२ युरो येतात. त्यातून भाडे, विमा आणि किराणा वजा केला की सहलीसाठी फार काही उरत नाही. महिन्यातून एक मुक्कामाची आणि एक दिवसभराची सहल हे प्रमाण खिशालाही झेपते आणि अभ्यासालाही. प्राग, बुडापेस्ट किंवा वॉर्सा इथे यंत्रातून पैसे काढताना ‘युरोत हिशेब करू का’ असे विचारले जाते, तेव्हा नकार देऊन स्थानिक चलन निवडावे, कारण त्या यंत्राचा दर नेहमी महाग असतो. प्रागसारख्या शहरांत कागदी तिकीट घेऊन भागत नाही, प्रवास सुरू करताना ते यंत्रात घालून शिक्का उमटवावा लागतो.

सव्वीस वर्षांखालच्यांसाठी एक खास सांगणे. लूव्र, ओर्से, व्हर्साय अशा फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांत युरोपीय आर्थिक क्षेत्रात (युरोपीय संघ आणि त्याला जोडलेले काही देश) राहणाऱ्या १८ ते २५ वयाच्या तरुणांना मोफत प्रवेश आहे. इथे नागरिकत्व नव्हे, निवास पाहतात, म्हणून जर्मन परवान्याचे कार्ड दाखवून आपल्याही मुलांना तो मिळतो. सव्विसावा वाढदिवस जवळ आला असेल तर पॅरिस यादीत वर घ्यावे. वेळेचे आरक्षण मात्र आधी करावे, आणि लूव्र मंगळवारी तर ओर्से सोमवारी बंद असते हे जोडून सुट्टी घेताना ध्यानात ठेवावे.

ऋतूप्रमाणे ठिकाण निवडावे. डिसेंबरात कोलोनकडे साडेचारलाच अंधारते, तेव्हा नदीकाठ आणि किल्ले यांना अर्थ नसतो. संग्रहालये आणि नाताळचे बाजार हेच बरे. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, तेव्हा र्‍हाइन आणि मोझेलचे दिवस. कार्निव्हलच्या आठवड्यात कोलोनमध्ये खाट मिळणे कठीण आणि मिळाली तरी दर चढे. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनला घड्याळे एक तास पुढे जातात; त्या दिवशी सकाळच्या गाडीचे आरक्षण असेल तर मोबाइलच्या गजरावर विसंबावे, मनगटावरच्या घड्याळावर नको.

सोबत तिघेचौघे पुरेत. त्याहून जास्त झाले की जेवायला कुठे बसायचे यावर तास जातो. हॉस्टेलला स्वयंपाकघर आहे का ते पाहूनच आरक्षण करावे. तांदूळ, डाळ, गोडा मसाला आणि मेतकुटाची छोटी डबी पिशवीत असली की रात्रीचे जेवण दोन युरोंत होते, आणि दिवसभरासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवस टिकतात. नळाचे पाणी पिण्यासारखे असते, तेव्हा रिकामी बाटली बरोबर ठेवावी. जाण्याचा मार्ग, परतीची गाडी आणि मुक्कामाचा पत्ता एवढे खोलीतल्या सोबतीणीला आणि घरी आई-बाबांना लिहून कळवावे. आणि शुक्रवारी निघण्याआधीच दूध, पाव, भाजी आणून ठेवावी, कारण रविवारी रात्री परत याल तेव्हा जर्मनीत जवळजवळ सगळी दुकाने बंद असतील आणि सोमवारी सकाळी उठून तासाला जायचे असेल.